सहल... चाकांवरची!

(तृतीय वर्ष, सिव्हिल)

सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय मग, कुठे कुठे जाऊन आलात?" कोणी कोकण सांगतं, कोणी माथेरान, आणि आपली ट्रेकवाली गँग तर गडांची यादीच वाचून दाखवते. या सगळ्या गप्पांमध्ये एक प्रश्न मात्र मी कधीच ऐकलेला नाही : तिथे पायऱ्या किती होत्या? साहजिकच आहे म्हणा! ज्याचे पाय चालतात तो पायऱ्या मोजत नाही.

माझी मावशी मोजते. माझा मावसभाऊ नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या सुमाराला मेंदूला इजा झाली आणि त्यामुळे पायांचे स्नायू त्याचं ऐकत नाहीत. तो व्हीलचेअर वापरतो. बाकी तो इतर कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाइतकाच वात्रट आहे, आणि सहलीला जायचं म्हटलं की आदल्या रात्री झोपत नाही. त्याच्याबरोबर गेली तीन-चार वर्षं मी बरीच भटकले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे. कारण मित्रांनो, यातला निम्मा भाग चक्क आपल्या सिलॅबसमधला आहे!

सामानाजवळ कोण थांबणार?

कुठल्याही पर्यटनस्थळी गेल्यावर आपल्याकडे एक वाक्य येतंच. "तू इथेच थांब हं सामानाजवळ, आम्ही पटकन वर जाऊन येतो." व्हीलचेअरवरच्या मुलाच्या वाट्याला हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सहलीत येतं. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. वर पायऱ्या असतात, ऊन असतं, वेळ कमी असतो. पण परिणाम काय होतो? ते मूल पार्किंग बघतं. महाराष्ट्रातली उत्तमोत्तम पार्किंगं त्याला पाठ होतात! आणि त्याच्याबरोबर आई किंवा बाबा, कोणीतरी एक जण, तेच पार्किंग बघत बसतं.

"लहान आहे तोवर उचलून नेऊ की!" असं बरेच जण म्हणतात. नेतातही. पण मूल वाढतं हो! पाच वर्षांचं असताना सोळा-सतरा किलोचं पोर काखेत घेऊन पन्नास पायऱ्या चढता येतात. नऊ वर्षांचं झालं की पंचवीस किलो, बाराव्या-तेराव्या वर्षी पस्तीस-चाळीस. इकडे आईची कंबर काही दरवर्षी तरुण होत नाही. म्हणजे मुलाला जग बघायची हौस ज्या वयात वाढते, त्याच वयात त्याच्या यादीतलं एकेक ठिकाण कमी होत जातं. "उचलून नेणे" हा उपाय नाही, ती मुदत आहे. ती कधीतरी संपते.

तो कर्बचा प्रॉब्लेम आठवतो का?

फर्स्ट इयरला इंजिनीअरिंग मेकॅनिक्समध्ये एक प्रॉब्लेम सगळ्यांनी सोडवलाय. एक रोलर आहे, समोर छोटी पायरी आहे, रोलर वर चढवायला आडवा फोर्स किती लागेल? पायरीच्या कडेभोवती मोमेंट घ्यायचे आणि उत्तर काढायचं. तेव्हा वाटलं होतं, कोण रोलर चढवणार आहे पायरीवर? उत्तर : व्हीलचेअर ढकलणारा प्रत्येक माणूस, दर पन्नास पावलांवर.

आकडे घालून बघा. खुर्चीची पुढची चाकं छोटी असतात, साधारण २० सेंटीमीटर व्यासाची. मागची मोठी, साधारण ६० सेंटीमीटरची. समोर फक्त २ सेंटीमीटरचा उंचवटा आला, म्हणजे एखादी वर आलेली फरशी. पुढच्या चाकाला तो सरळ ओलांडायला त्या चाकावरच्या वजनाच्या ७५ टक्के इतका फोर्स लागतो. मागच्या चाकाला तोच उंचवटा ओलांडायला सुमारे ३८ टक्के. उंचवटा ५ सेंटीमीटरचा झाला की मागच्या चाकाला सुमारे ६६ टक्के, आणि पुढच्याला १७३ टक्के! आणि उंचवटा चाकाच्या त्रिज्येइतका झाला की कितीही जोर लावा, नुसतं ढकलून चाक चढत नाही. समीकरणच तसं आहे.

म्हणून पुढचं चाक अडकलं की मागून जोरात ढकलायचं नसतं. खुर्ची जागच्या जागी थांबते आणि मूल मात्र पुढे जातं, न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार! बरोबर पद्धत अशी : मुलाला आधी सांगायचं, "मागे वाकवतोय हं." मागच्या बाजूला खाली पायाने दाबायचा दांडा असतो, त्यावर पाय द्यायचा, हँडल खाली दाबायची, पुढची चाकं हवेत उचलायची आणि मोठ्या चाकांवर खुर्ची पुढे न्यायची. वाळूत आणि खडीतसुद्धा हेच. छोटं चाक रुततं, मोठं चाक तरतं. सपाट वाळूत तर खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत नेणं सगळ्यात सोपं.

एकास बारा

आता रॅम्प. सिव्हिलवाल्यांना १:१२ हा आकडा माहीत असेल. एक फूट वर जायचं तर बारा फूट लांबीचा उतार. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत हाच आकडा दिलेला आहे आणि तो हवेतून आलेला नाही.

समजा मूल २५ किलोचं आणि खुर्ची १५ किलोची, एकूण ४० किलो. १:१२ च्या उतारावर ही खुर्ची नुसती धरून ठेवायला साधारण सव्वातीन किलोचा जोर लागतो. घर्षण धरून थोडा जास्त. हे दहा वर्षांचं मूल स्वतःच्या हातांनीही करू शकतं. तोच उतार १:४ केला तर जोर जवळपास दहा किलो. १:३ केला तर साडेबारा किलोच्या वर. म्हणजे मूल स्वतः चढणं विसराच, आईलाही दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागतं, आणि हात सुटला तर खुर्ची थेट खाली.

एका ठिकाणी आम्ही आधी फोन केला होता. "रॅम्प आहे ना?" "हो मॅडम, आहे की!" गेलो तर काय, तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेली एक घसरगुंडी. मोटारसायकल आणि गॅसची सिलिंडरं वर चढवण्यासाठी केलेली! तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर उंची. त्याला १:१२ ने ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प हवा. तिथे होता जेमतेम दीड मीटर. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पण चांगल्या हेतूला स्लोप नसतो, रॅम्पला असतो.

आणखी काही मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. साधी घडीची खुर्ची ६० ते ६५ सेंटीमीटर रुंद असते, तर दार मोकळं ९० सेंटीमीटर हवं. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. आणि जे मला स्वतःला खूप उशिरा सुचलं ते म्हणजे नजरेची उंची. खुर्चीत बसलेल्या लहान मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. म्युझियममधली शोकेस उंच असली तर त्याला दिसतो फक्त तिचा लाकडी पाय. आणि हिल स्टेशनच्या पॉइंटवर भरीव दगडी कठडा असला तर आपल्याला दरी दिसते, त्याला कठडा. म्हणजे इतकी धडपड करून तिथे पोचायचं आणि बघायची काय, तर भिंत! त्याच जागी गजांचं रेलिंग असेल तर दोघांनाही दरी दिसते. फरक फक्त डिझाइन करताना खाली बसून बघण्याचा आहे.

फोनवर काय विचारायचं?

"व्हीलचेअरची सोय आहे का?" हा प्रश्न कधीही विचारू नका. याचं उत्तर महाराष्ट्रभर एकच आहे : "हो हो, या की, सगळी सोय आहे, आमची पोरं उचलतील." मावशी आता प्रश्नच वेगळे विचारते :

गाडी दारापासून किती लांब थांबते? गाडीपासून आतपर्यंत एकूण पायऱ्या किती? वाटेत फरशी आहे, खडी आहे की माती? गेट फिरतं आहे का? आणि असलं तर बाजूला दुसरं गेट उघडतं का? टॉयलेट कमोडचं आहे का, त्याचं दार किती रुंद, आणि ते बाहेर उघडतं की आत?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सहल कुठपर्यंत जाणार हे शेवटी टॉयलेट ठरवतं. सोय नसेल तर हळूहळू मुलं काय करायला लागतात माहितीये? पाणीच पीत नाहीत. भर एप्रिलमध्ये. कोणी सांगावं लागत नाही, त्यांना स्वतःलाच कळतं की मला "लागली" तर सगळ्यांची पंचाईत होईल. हे वाचून ज्याला काहीच वाटलं नाही त्याने पुढचा लेख वाचायला घ्यावा!

शक्य असेल तर व्हॉट्सअॅपवर प्रवेशद्वाराचा फोटो मागवायचा. एक फोटो दहा "हो हो" पेक्षा खरा असतो.

बरोबर काय घ्यायचं तेही सांगते. टायर हवेचे असतील तर सायकलचा पंप आणि पंक्चरचं सामान, एक अॅलन-की सेट, पावसाळ्यात मोठा रेनकोट. उन्हात खुर्ची तापते, लोखंडाला हात लावून मगच मुलाला बसवायचं. गादी चांगली हवी, आणि दर अर्ध्या तासाने मुलाला थोडं उचलून बसण्याची जागा बदलायची, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखम होते. ज्या मुलांना खालच्या भागात संवेदना कमी असते त्यांना ती जखम कळतसुद्धा नाही. आणि हँडलला जड बॅगा लटकवू नका! मूल उठवलं की काउंटरवेट जातं आणि खुर्ची मागे उलटते.

रेल्वेचं सांगायचं तर सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्याबरोबरच्या एका माणसाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. बऱ्याच गाड्यांना दिव्यांगांसाठीचा डबाही असतो. तो फलाटावर कुठे येतो हे आधी विचारून ठेवायचं. नाहीतर खुर्ची घेऊन अख्खा फलाट धावावा लागतो.

मग जायचं कुठे?

आता आपल्याच भागातली काही ठिकाणं घेऊ.

वेरूळ आणि अजिंठा : दोन्ही १९८३ साली जागतिक वारसा यादीत आली. लोक नेहमी जोडीने नाव घेतात, पण खुर्चीच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेरूळचं कैलास लेणं, म्हणजे सोळा नंबर, प्रवेशद्वारासमोरच आहे. मुख्य गाभाऱ्याला जिना आहे, पण खालचं अंगण जमिनीलगत आहे. एकाच कातळात वरून खाली कोरत आणलेलं ते मंदिर खालून मान वर करून बघण्यातच खरी मजा आहे, आणि ते खुर्चीतून बघता येतं. उलट अजिंठा वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेसारख्या कड्यात. फर्दापूरच्या फाट्याला गाडी सोडून पुढे तिथली बस घ्यायची, आणि उतरल्यावर वर चढायला पायऱ्या. तिथे डोलीवाले मिळतात. खुर्ची दांड्यांना बांधलेली, चार माणसं खांद्यावर नेतात. डोली घ्यायची तर दर आधी ठरवा, आणि मुलाला विचारा की चालेल का. काहींना राजासारखं वाटतं, काहींना सगळे बघतात म्हणून लाज वाटते. दोन्ही बरोबर. लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी.

घारापुरी : गेटवे ऑफ इंडियाच्या पटांगणात फिरायला काही अडचण नाही, पण लाँचमध्ये चढणं ही परीक्षा. पाणी भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली होतं, त्यामुळे धक्का आणि बोट यांच्यातलं अंतर दर तासाला वेगळं. कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जावं लागतं. तासाभराचा प्रवास, मग धक्क्यावरून छोटी रेल्वे, आणि त्यानंतर १२० पायऱ्या. इथेही डोली मिळते. पण आमच्या मंडळींचा अनुभव सांगते, मुलाला लेण्यांपेक्षा बोट जास्त आवडली. सीगल पक्षी अगदी त्याच्या नजरेच्या उंचीवरून उडत होते. कधी कधी प्रवास हीच सहल धरायची.

रायगड : शिवराज्याभिषेक १६७४ चा, आणि रोपवे १९९६ चा. हजाराहून जास्त पायऱ्यांचा चढ रोपवे काही मिनिटांत पार करतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यात रायगडही आहे. मात्र रोपवे वर सोडतो तिथून पुढेही पायऱ्या आहेतच, हे आधी माहीत हवं. तिथून खुर्ची उचलायला चार माणसं लागतात. म्हणजे रोपवेने नव्वद टक्के प्रश्न सुटतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर सगळं अडतं. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कमकुवत कडीएवढी. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकलोय ना?

सप्तशृंगी गड, वणी : इथे २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. म्हणजे डोंगराच्या उतारावर रूळ टाकून केबलने ओढला जाणारा डबा. पाचशेच्या वर पायऱ्या वाचतात. आजी-आजोबा आणि व्हीलचेअरवरचं नातवंड एकाच डब्यातून वर जातात हे दृश्य बघण्यासारखं असतं. एखादी सोय "अपंगांसाठी" म्हणून होत नाही, ती सगळ्यांसाठीच होते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

माथेरान : मोटारींना बंदी, त्यामुळे हवा छान, गोंगाट नाही. पण दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षात. लाल मातीचे रस्ते, पावसात चिखल. १९०७ सालची मिनी ट्रेन गोड आहे, पण तिचे डबे चिमुकले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये इथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं थांबलं पाहिजे हे अगदी खरं. आणि ज्याला चालता येत नाही त्याला पॉइंटपर्यंत जाता आलं पाहिजे हेही तितकंच खरं. ई-रिक्षा ही दोन्ही बाजूंना सोयीची आहे, म्हणून तर तिच्यात घडीची खुर्ची मावते का हे बघणं महत्त्वाचं!

आणि समुद्र : चेन्नईच्या मरीना बीचवर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये २६३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद लाकडी रस्ता वाळूवरून थेट पाण्यापर्यंत बांधला गेला. डिसेंबरमध्ये मंदौस चक्रीवादळाने तो मोडला, मग पुन्हा दुरुस्त केला. मला त्यातली ती दुरुस्ती सगळ्यात आवडली. मोडला म्हणून सोडून नाही दिला. गोव्यानेही २०२३ च्या जानेवारीपासून दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट सुरू केला. आपल्या कोकणच्या किनाऱ्याला लाकूडही आहे, सुतारही आहेत, आणि सिव्हिलवाले तर दरवर्षी शेकड्याने बाहेर पडतात!

"पण ऐतिहासिक वास्तूला हात कसा लावणार?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. लेण्यांत ड्रिल मारून रेलिंग बसवावं असं कोणीच म्हणत नाही. पण उपाय असतात. लाकडाचा किंवा स्टीलचा सुटा रॅम्प, जो नुसता टेकवलेला असतो, दगडात खिळा नाही, उद्या काढला तर खूण राहत नाही. अथेन्सचं अॅक्रोपोलिस अडीच हजार वर्षं जुनं, तेही उंच कड्यावर. तिथे २००४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी लिफ्ट बसवली, आणि ती जुनी झाल्यावर २०२० च्या डिसेंबरमध्ये कड्याच्या उताराला धरून वर जाणारी नवीन लिफ्ट केली. पार्थेनॉन जागच्या जागी आहे, काही पडझड झालेली नाही!

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे पहिला कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. मग आला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आले. या कायद्यात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांतल्या सहभागाचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे सहल ही मेहरबानी नाही, हक्क आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. दरम्यान ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियानही सुरू झालं होतं.

तरी आपण पायऱ्या मोजतोच आहोत. असं का? त्याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्याच्या निकालात सांगितलं. सुगमतेचे नियम "असावेत, करावेत" अशा सल्ल्याच्या भाषेत होते. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करायला सांगितलं. सोप्या भाषेत, सल्ला म्हणजे व्हायव्हा, नियम म्हणजे पेपर. पेपरला पासिंग मार्क असतात.

खुर्ची उचलायची कशी?

हा भाग खास हॉस्टेलकरांसाठी, कारण गडावर अशा वेळी पुढे धावणारे आपणच असतो. चार पोरं येतात, "काकू, सोडा, आम्ही घेतो!" म्हणतात आणि खुर्चीला चारी बाजूंनी हात घालतात. भावना एकदम चांगली. पण कोणाच्या हातात आर्मरेस्ट येतो, कोणाच्या फूटरेस्ट, आणि हे दोन्ही भाग बऱ्याच खुर्च्यांना काढता-घालता येतात! उचललं की ते निघून हातात, आणि मूल तिरकं. म्हणून :

पहिलं, मुलालाच विचारा. आईला नाही, मुलाला. "उचलू का? कुठे धरू?" रोज त्या खुर्चीत तो बसतो, तो तिचा तज्ज्ञ आहे. माझ्या मावसभावाला कोणी "याचं नाव काय हो?" असं त्याच्या डोक्यावरून मावशीला विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, "माझे कान चालतात."

दुसरं, धरायचं फक्त पक्क्या फ्रेमला आणि मागच्या हँडलला. चाकाला, आर्मरेस्टला, फूटरेस्टला नाही. पट्टा बांधलाय ना बघा.

तिसरं, दिशा. पायऱ्यांवर खुर्चीची पाठ नेहमी वरच्या बाजूला, चढतानाही आणि उतरतानाही. सगळ्यात ताकदवान माणूस वर, हँडलला. दुसरा खाली, फ्रेमला. खुर्ची मागे कलती ठेवून मोठी चाकं एकेक पायरी फिरवत न्यायची. तीव्र उतारावर मात्र उलटं : मुलाचं तोंड नेहमी वरच्या बाजूला. म्हणजे चढताना सरळ ढकलायचं, आणि उतरताना खुर्ची फिरवून आपण उलटं चालत यायचं. घोटून ठेवा : उतारावर तोंड वर, पायऱ्यांवर पाठ वर.

चौथं, एकानेच आकडे म्हणायचे. "एक, दोन, तीन, उचला." चौघांनी चार वेळा तीन म्हटलं की काय होतं ते गॅदरिंगला स्पीकर उचलताना आपण पाहिलंच आहे! आणि बॅटरीची खुर्ची असेल तर उचलायला जाऊच नका, तिचं नुसतं वजनच बऱ्याचदा पन्नास किलोच्या पुढे असतं.

जाता जाता...

मावशीच्या डायरीत आता जवळपास तीस ठिकाणं आहेत. प्रत्येक पानावर पायऱ्या, दाराची रुंदी, टॉयलेट, आणि खाली मावसभावाचा शेरा, दहापैकी मार्क देऊन. रोपवेला त्याने दहापैकी दहा दिलेत, आणि कारण लिहिलंय, "मोटर दिसते." एका बागेला दोन मार्क, कारण "नुसती फुलं." मला ही डायरी फार आवडते. कारण तिच्यात तो कुठे जाऊ शकला नाही याचं रडगाणं नाही. कुठलं ठिकाण त्याच्या परीक्षेत पास झालं आणि कुठलं नापास, एवढंच आहे.

आता एक विनंती. आपल्यातले कितीतरी जण दर शनिवार-रविवार कुठेतरी जातात. सॅकमध्ये मेजरिंग टेप टाका, तीनशे ग्रॅमसुद्धा वजन नाही. प्रवेशद्वाराची रुंदी मोजा, पायऱ्या मोजा, रॅम्प असेल तर उंची आणि लांबी मोजून भागाकार करा, कठडा भरीव आहे की गजांचा तेवढं बघा. हे सगळं एका वहीत लिहून कॉमन रूममध्ये ठेवू. वर्षभरात पन्नास ठिकाणं सहज होतील. एखाद्या घरात रविवारी सकाळी "जायचं का?" यावर बोलणं चाललेलं असेल, तेव्हा "सोय आहे म्हणतात" यापेक्षा "पायऱ्या चार, दार ८५ सेंटीमीटर, कमोड आहे" हे वाक्य किती उपयोगी पडेल विचार करा.

आणि सुरुवात लांब जाऊन करायला नको. गॅदरिंगला आपण सगळ्यांच्या घरच्यांना बोलावतोच. गेटपासून ऑडिटोरियमच्या खुर्चीपर्यंत पायऱ्या किती आहेत, कोणी मोजल्यात?